दारातला बोर्ड आणि कोपऱ्यावरचा बोर्ड

सणाचा हंगाम संपला की लहान कापड दुकानदारासमोर एकच प्रश्न उभा राहतो, उरलेल्या मालाचे काय करायचे? रमजान ईद असो वा दिवाळी, मागणीचा अंदाज दरवर्षी थोडाफार चुकतोच. साईज तुटलेले शर्ट, रंग न चाललेल्या साड्या, लहान मुलांचे ड्रेस असा माल पुढच्या हंगामापर्यंत पोटमाळ्यावर ठेवला तर भांडवल अडकते, आणि फॅशन बदलली तर ते बुडतेच. मग सेल लावावा लागतो. सेल लावायचा तर गिऱ्हाइकाला कळले पाहिजे. मोठ्या शोरूमला वर्तमानपत्राचे अर्धे पान परवडते. गल्लीतल्या दुकानदाराला परवडतो तो दोन-तीन फुटांचा एक डिजिटल बोर्ड.

माझ्या ओळखीच्या एका तरुणाचे राजारामपुरीच्या एका गल्लीत रेडीमेड कपड्यांचे दुकान आहे. गेल्या हंगामानंतर त्याने 'स्टॉक क्लिअरन्स सेल, माल संपेपर्यंत' असे चार बोर्ड करून घेतले. एक दुकानाच्या दारात लावला, दोन रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबांना बांधले आणि एक झाडाला ठोकला. दुसऱ्या दिवशी सकाळी दारातला बोर्ड जागेवर होता, बाकीचे तीन गायब. कोणी नेले ते कळले नाही. शेजारच्याने सांगितले की नशीब समज, नुसते बोर्ड गेले, केस झाली नाही. तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "चाचा, दुकान माझे, माल माझा, बोर्डाचे पैसे माझे. मग गुन्हा कसला?"

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आपल्या व्यापारी बंधूंपैकी फार थोड्यांना ठाऊक असते, म्हणून या पानावर त्याची चर्चा करण्याचे योजले आहे.

दारात सूट, कोपऱ्यावर बंदी

कोल्हापूर महानगरपालिकेची स्थापना १९७२ मध्ये झाली. तिचा कारभार ज्या कायद्याने चालतो तो १९४९ चा आहे. पूर्वी त्याला मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम म्हणत, आता महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम म्हणतात. जाहिरात फलकांविषयी त्यातील २४४ आणि २४५ ही दोन कलमे महत्त्वाची आहेत. २४४ वे कलम छतावर, आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसणाऱ्या फलकांचे आहे. त्यांना आयुक्तांची लेखी परवानगी लागते. २४५ वे कलम इतर जाहिरातींचे आहे. जमीन, इमारत, भिंत यांवर जाहिरात लावायची तर परवानगी हवी, हा त्याचा मूळ नियम.

पण याच कलमात लहान दुकानदाराच्या उपयोगाची एक सूट आहे. जाहिरात प्रकाशित नसेल, म्हणजे तिला दिवे लावलेले नसतील, आणि ती छतावरचा फलक नसेल, तर काही बाबतींत परवानगीची गरज नाही. इमारतीच्या खिडकीच्या आत लावलेली जाहिरात ही पहिली बाब. त्या जागेत चालणाऱ्या धंद्याविषयी त्याच जागेवर लावलेली जाहिरात ही दुसरी. ती जागा किंवा तिच्यातील चीजवस्तू विकण्याविषयीची, तसेच त्या जागेत भरणाऱ्या सेलविषयीची जाहिरातही तीत येते.

याचा अर्थ साधा आहे. आपल्या दुकानात सेल असेल तर आपल्या दर्शनी भागावर साधा बोर्ड लावायला या कलमाखाली परवानगी लागत नाही. घर बदलताना जुने कपाट, पलंग, शिलाई मशीन विकायचे असेल तर आपल्या दारावर 'सामान विकणे आहे' असे लिहिण्यालाही हीच सूट आहे. मात्र बोर्डाला एल.ई.डी.ची फिरती अक्षरे लावली की सूट गेली. बोर्ड इमारतीवरून खाली उतरून पदपथावर आला तरी गेली. रस्त्यात वा पदपथावर ठेवलेली वस्तू नोटीस न देताही उचलण्याचा अधिकार याच कायद्याच्या २३१ व्या कलमाने आयुक्तांना दिला आहे. लोखंडी स्टँडचा बोर्ड रोज सकाळी पदपथावर मांडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

आता कोपऱ्यावरच्या बोर्डाचे पाहू. १९९५ मध्ये राज्यात मालमत्तेच्या विरूपणास प्रतिबंध करणारा कायदा झाला. स्थानिक संस्थेच्या लेखी परवानगीशिवाय लोकांच्या नजरेस पडणारी जागा विद्रूप करणे हा त्याखाली गुन्हा आहे. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. 'जागा' या शब्दात खांब, भिंत, कुंपण, पुतळा एवढेच काय, झाडही येते. म्हणजे आमच्या त्या तरुणाचा दारातला बोर्ड कायद्यात बसत होता आणि बाकीचे तीन बसत नव्हते. बोर्ड चारही सारखेच होते, फरक फक्त जागेचा होता.

मालाचाही एक नियम आहे. १ जुलै २०२२ पासून देशभर ज्या एकदाच वापराच्या प्लॅस्टिक वस्तूंवर बंदी आली, त्यांत १०० मायक्रॉनपेक्षा कमी जाडीचे प्लॅस्टिकचे व पी.व्ही.सी.चे बॅनरही आहेत. स्वस्तात स्वस्त डिजिटल मागताना त्याची जाडी किती, हे विचारणारा दुकानदार मला अजून भेटायचा आहे.

भीती कोणाला आणि कशाची?

इथपर्यंत कायद्याची बाजू झाली. ती समजावून दिल्यावर तरुणाने दुसरा प्रश्न विचारला, आणि तो पहिल्यापेक्षा अवघड होता. "चौकात वाढदिवसाचा वीस फुटी डिजिटल पंधरा-पंधरा दिवस असतो. त्याला कोण विचारते?"

वाढदिवस, निवड, सत्कार, यात्रा, मिरवणूक यांचे फलक महाराष्ट्रातल्या कोणत्याही शहरात मोजायला बसले तर दिवस पुरणार नाही. हा प्रश्न न्यायालयातही गेलेला आहे. शेजारच्या साताऱ्यातील सुस्वराज्य फाउंडेशनने २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. ३१ जानेवारी २०१७ रोजी न्यायालयाने बेकायदा फलकांविरुद्ध सविस्तर आदेश दिले. फलक कोणत्याही पक्षाचा असो, परवानगी नसेल तर तो काढलाच पाहिजे, असा त्याचा आशय. आदेश चांगला होता. त्याचे पालन किती झाले, हे वाचकांनी आपल्या जवळच्या चौकात उभे राहून स्वतः ठरवावे.

फलकांचा खरा धोका कोठे आहे हे १३ मे २०२४ रोजी मुंबईत घाटकोपरला दिसले. वादळी वाऱ्यात पेट्रोल पंपावर अवाढव्य होर्डिंग कोसळले आणि १७ माणसे गेली. मुंबईत जास्तीत जास्त ४० बाय ४० फुटांच्या फलकाला मुभा असताना हा फलक १२० बाय १२० फुटांचा होता. त्याआधी पुण्यात ऑक्टोबर २०१८ मध्ये आणि पिंपरी-चिंचवडच्या किवळे येथे एप्रिल २०२३ मध्ये होर्डिंगने माणसांचे बळी घेतले होते. तीन फुटांच्या सेलच्या बोर्डाखाली सापडून कोणी मेल्याचे माझ्या ऐकिवात नाही. तरीही बोर्ड लावताना ज्याचा हात थरथरतो तो लहान दुकानदारच असतो.

लहान बोर्ड निरुपद्रवी असतात असे मात्र म्हणता येणार नाही. वळणावर डोळ्यांच्या उंचीला बांधलेला लहान बोर्डही समोरून येणारी मोटारसायकल झाकतो. शंभर दुकानदारांनी प्रत्येकी चार बोर्ड लावले तर चारशे होतात, आणि महाद्वार रोडसारख्या गर्दीच्या रस्त्यावर पायी चालणाऱ्याला दुकानाचे दार दिसेनासे होते. सुतळी कुजते, बोर्ड फाटून गटारात जातो आणि पहिल्या पावसात पाणी तुंबते. सगळ्यांनीच बोर्ड लावले तर कोणाचाच वाचला जात नाही, हे धंद्याचेही गणित आहे. म्हणून नियम हवाच. आमची तक्रार नियमाबद्दल नाही. तो कोणालाच नीट सांगितला जात नाही आणि सगळ्यांना सारखा लावला जात नाही, याबद्दल ती आहे. जो नियम व्यापाऱ्याला माहीत नसतो, तो मोडल्याची भीती दाखवून चिरीमिरी मागणे सोपे जाते. माहितीच्या नियमाला व्यापारी पावती फाडतो आणि मोकळा होतो.

अमेरिकेतील एका गावची गोष्ट

अमेरिकेत एक पद्धत आहे. लोक घरातील जुने सामान मोटार ठेवण्याच्या खोलीत किंवा अंगणात मांडतात आणि शनिवार-रविवारी विकतात. त्याला ते गॅरेज सेल म्हणतात. आपल्याकडे गॅरेज म्हटले की उद्यमनगरातला मिस्त्री आठवतो, पण तिकडे हा घरगुती जुना बाजार असतो. त्याच्या पाट्या कोपऱ्याकोपऱ्यावर लागतात. त्यामुळे पाटी किती मोठी असावी, किती आधी लावावी, केव्हा काढावी यांचे नियम तिकडे गावोगावी आहेत.

अॅरिझोना राज्यात गिल्बर्ट नावाचे गाव आहे. तेथील नियमांत पाटीवर काय लिहिले आहे त्यावरून तिचा आकार ठरत असे. राजकीय पाटी काही जागी ३२ चौरस फुटांपर्यंत चालत असे, विचार मांडणारी २० चौरस फुटांपर्यंत. कार्यक्रमाची वाट दाखवणाऱ्या पाटीला मात्र फक्त ६ चौरस फूट. तीही कार्यक्रमाच्या १२ तास आधी लावायची आणि तो संपल्यावर तासाभरात काढायची. स्वतःची इमारत नसलेल्या एका छोट्या चर्चला दर आठवड्याला प्रार्थनेची जागा पाट्या लावून कळवावी लागे. पाट्या वेळेत काढल्या नाहीत म्हणून गावाने त्यांच्यावर कारवाई केली. चर्चचे धर्मगुरू न्यायालयात गेले. २०१५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला की मजकूर पाहून पाटीला लहान-मोठे करणारा हा नियम टिकत नाही. पाटीचा आकार, जागा, प्रकाशयोजना यांचे नियम गाव करू शकते, पण ते सर्वांना सारखे असले पाहिजेत.

त्यांची राज्यघटना वेगळी, आपली वेगळी. तो निकाल इथे लागू होत नाही. त्यातला न्याय मात्र कोल्हापूरच्या कोणत्याही पेठेतल्या माणसाला सहज कळेल. पुढाऱ्याच्या वाढदिवसाची पाटी आणि गरिबाच्या सेलची पाटी एकाच फूटपट्टीने मोजा, एवढेच त्याचे सार आहे.

पुराने शिकवलेला धडा

सेलची पाटी हा काही चैनीचा विषय नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचे पाणी शहरात शिरले. शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर या भागांतील व्यापाऱ्यांनी ते भोगले आहे. पाणी ओसरल्यावर दुकानात उरतो तो ओला, डागाळलेला माल. कापड वाळवून आठ-दहा दिवसांत मिळेल त्या भावाने काढले नाही तर त्याला बुरशी धरते आणि ते भंगारात जाते. अशा वेळी बोर्ड आजच्या आज लागला पाहिजे. परवानगीचा अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाईपर्यंत मालाची माती होते.

हाच हिशेब दुकान बदलणाऱ्याला, धंदा बंद करणाऱ्याला आणि घरातला कर्ता माणूस गेल्यावर त्याची हत्यारे, मशीन विकू पाहणाऱ्या कुटुंबालाही लागू आहे. त्यांची पाटी चार दिवसांची असते. वर्षभराच्या होर्डिंगसाठी केलेली अर्जाची पद्धत तिच्यासाठी वापरायची, म्हणजे मुंगीला हत्तीच्या तराजूत तोलण्यासारखे आहे. मग साहजिकच लोक अर्ज न करता रात्री बोर्ड बांधून मोकळे होतात.

आधी आपले घर तपासू

महापालिकेकडे मागणी करण्याआधी आपण व्यापाऱ्यांनीही थोडे आत डोकावले पाहिजे. झाडाला खिळा ठोकताना आपला हात का थांबत नाही? त्याच झाडाच्या सावलीत दुपारी आपले गिऱ्हाईक गाडी लावते. सेल संपून महिना झाला तरी बोर्ड का लोंबकळत असतो? आणि बोर्डावर लिहिलेले खरे असते का? आधी किंमत वाढवून चिकटवायची आणि मग त्यावर 'निम्म्या किमतीत' लिहायचे, हा प्रकार पेठेत नवा नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने खोटी सवलत दाखवणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. फसव्या जाहिरातीला त्यात दहा लाख रुपयांपर्यंत दंड आहे, पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत. दंड होईल तेव्हा होईल, पण एकदा फसलेले गिऱ्हाईक दुसऱ्यांदा दुकानाची पायरी चढत नाही आणि दहा जणांना सांगते. बोर्डाने गिऱ्हाईक एकदा दारात येते, पुन्हा येते ते दुकानदाराच्या इमानावर.

दुसरी गोष्ट बोर्डाच्या दर्जाची. कोल्हापूर हे पेंटरांचे गाव. बाबूराव मेस्त्री यांना जग बाबूराव पेंटर म्हणून ओळखते, ते कुंचल्यामुळे. त्यांनी आपल्या सिनेमांची पोस्टरे स्वतः रंगवली. डिजिटल येण्यापूर्वी या शहरातील दुकानांचे बोर्ड हातानेच रंगत आणि पत्र्यावरचे अक्षर वर्षानुवर्षे टिकत असे. सेलसाठी पत्र्याचा किंवा कापडाचा एक चांगला बोर्ड रंगवून घ्यावा आणि तारीख बदलून दर हंगामाला वापरावा. प्लॅस्टिकच्या नियमाची भानगड नाही, दरवेळचा खर्च नाही, आणि काम मागे पडलेल्या एखाद्या पेंटरच्या घरीही चार पैसे जातील. दारात, दर्शनी भिंतीवर लावलेला असा एक ठसठशीत बोर्ड खांबावरच्या तीन फाटक्या बोर्डांपेक्षा जास्त काम करतो.

मागणी काय असावी?

महापालिकांच्या जाहिरात फलकांसाठी राज्य शासनाने २०२२ मध्ये नवे नियम केले. पण ते वाचून गल्लीतल्या दुकानदाराने आपला तीन फुटांचा बोर्ड त्यात कोठे बसतो हे शोधावे, ही अपेक्षा व्यवहाराला धरून नाही. म्हणून व्यापारी संघटनांनी महापालिकेकडे पुढील गोष्टी लेखी मागाव्यात असे मला वाटते.

पहिली, मराठीत एका पानाचे पत्रक. दारात काय चालते, कोठे चालत नाही, परवानगी कोण देतो, शुल्क किती, दंड किती, एवढेच त्यात असावे. ते गांधी मैदान, शिवाजी मार्केट, राजारामपुरी आणि ताराराणी मार्केट या चारही विभागीय कार्यालयांत दर्शनी भिंतीवर लागावे आणि दुकानांतही वाटले जावे.

दुसरी, बाजाराच्या मोक्याच्या जागी महापालिकेनेच लोखंडी चौकटी उभ्या कराव्यात. ठरावीक आकाराची पाटी, आठ दिवसांची मुदत, माफक शुल्क आणि पावती. पैसे भरले की त्याच दिवशी जागा मिळावी. एका दुकानाला एकच जागा, म्हणजे पैसेवाला सगळ्या चौकटी अडवणार नाही. खांब आणि झाडे आपोआप मोकळी होतील.

तिसरी, बोर्ड उचलला तर कोणी, केव्हा आणि का, याची नोंद असावी. तीन फुटांचा बोर्ड उचलणाऱ्या गाडीने त्याच फेरीत वीस फुटांचा विनापरवाना बोर्डही उचलावा. दोन्हींची यादी दरमहा जाहीर व्हावी. यादी जाहीर झाली की भेदभाव आपोआप उघडा पडतो.

शुल्काबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. जी.एस.टी.साठी २०१६ मध्ये एकशे एकावी घटनादुरुस्ती झाली, तेव्हा राज्यसूचीतील जाहिरात कराची ५५ वी नोंद वगळण्यात आली. जुलै २०१७ पासून जाहिरातीवरचा कर जी.एस.टी.त गेला. महापालिका आता परवानगीसाठी जे घेते ते शुल्क. शुल्क म्हटले की त्याच्या बदल्यात काहीतरी सेवा मागण्याचा आपला हक्क बनतो. चौकट, जागा आणि पावती ही ती सेवा. लहान व्यापारी पैसे द्यायला नाही म्हणत नाही. पैसे कोठे भरायचे हे त्याला कोणीतरी सरळ सांगावे, एवढीच त्याची अपेक्षा आहे.

आमच्या त्या तरुणाने आता कोपऱ्यावर बोर्ड लावणे सोडले आहे. दारात पत्र्याचा मोठा बोर्ड रंगवून घेतला आहे, त्यावर खरी किंमत आणि सेल संपण्याची तारीख लिहितो. पण त्याचे दुकान गल्लीत आत आहे, आणि मोठ्या रस्त्याने जाणाऱ्याला तो बोर्ड दिसत नाही. त्याने कायदा पाळला, त्याची किंमत तो रोजच्या गल्ल्यात मोजतो आहे. चौकातला वीस फुटी बोर्ड जोपर्यंत तसाच उभा आहे, तोपर्यंत त्याला 'तू बरोबर केलेस' असे सांगताना माझी जीभ अडखळते. ती अडखळू नये यासाठी व्यापारी संघटनांनी पुढच्या हंगामाची वाट न पाहता अर्ज घेऊन जावे. दारातला बोर्ड नीट करणे आपल्या हातात आहे. कोपऱ्यावरची चौकट महापालिकेच्या हातात आहे, आणि ती मागितल्याशिवाय मिळणार नाही.